नंबर लागल्यानंतर

‘नवोदयला नंबर लागला’ ही बातमी चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यात पोचली की अख्खं गाव खूश होतं, आणि व्हायलाच हवं. पाचवीतल्या लेकरानं दोन तासांत ८० प्रश्न सोडवलेले असतात: ४० बुद्धिमत्ता चाचणीचे, २० गणिताचे, २० भाषेचे. जिल्ह्यातून फार तर ८० मुलं घेतात आणि त्यांतल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाच्या असतात. निकाल लागला की दाखल्यांची धावपळ सुरू होते. मग पत्र्याची पेटी, चादर, बादली, दोन नवे कपडे असं सामान घेऊन बाप लेकराला एसटीनं सोडायला निघतो. गडचिरोलीचं नवोदय विद्यालय चामोर्शी तालुक्यात घोटला आहे, चंद्रपूरचं नागभीड तालुक्यात तळोधी बाळापूरला. १९८५-८६ साली ही योजना देशात पहिल्यांदा दोनच ठिकाणी करून पाहिली गेली, हरियाणातलं झज्जर आणि आपल्या विदर्भातलं अमरावती. खेड्यातल्या हुशार पोराला फुकट आणि उत्तम शिक्षण मिळावं, ही त्यामागची कल्पना फार मोठी होती आणि तिनं हजारो घरांचं नशीब पालटलं.

या प्रकरणात मला बोलायचं आहे ते पेटी उघडल्यानंतरच्या दिवसांविषयी. जंगलातल्या या दोन जिल्ह्यांत हुशार मूल शोधायची आणि त्याला उचलून दुसरीकडे न्यायची व्यवस्था आपण केली. शोधल्यानंतर त्याच्यासोबत राहायची व्यवस्था मात्र केली नाही. अशा मुलाला पुस्तकं लागतात, प्रयोगशाळा लागते, हे आपल्याला कळतं. त्याला सोबत लागते, हे सहसा लक्षात येत नाही. ‘हुशार आहे, तो करून घेईल’ असं म्हणून सगळे मोकळे होतात.

आधी शोधण्याविषयी थोडं. १९२१ साली अमेरिकेत लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार अतिहुशार मुलं बुद्धिमापन चाचणीनं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा अभ्यास करायचं ठरवलं. चाचणी दिलेल्या पण निवड न झालेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ ही दोन नावं होती. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, शॉकलींना १९५६ मध्ये आणि अल्वारेझना १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांत मात्र नोबेल कुणालाच मिळालं नाही. कॅलिफोर्नियात, मुलांच्या स्वतःच्या भाषेत घेतलेल्या चाचणीतून अशी मुलं निसटत असतील, तर भामरागडच्या माडिया मुलीनं तिच्यासाठी परक्या असलेल्या मराठीत दिलेल्या पेपरातून काय काय निसटत असेल! नवोदयची परीक्षा बऱ्याच भारतीय भाषांत देता येते, पण त्यांत गोंडी नाही आणि माडियाही नाही. गोंडी बोलणारी माणसं देशात लाखोंनी आहेत, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती भाषा नाही.

कागदावर न दिसणारी हुशारी दिसली कशी, याचं या भागातलं एक ठळक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनानं ‘मिशन शौर्य’ हाती घेतलं. आश्रमशाळांतली मुलं निवडून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लडाख असं प्रशिक्षण दिलं, आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टवर पोचले. डोंगर चढायची, थंडी सोसायची, घाबरून न जाता पुढचं पाऊल टाकायची त्यांची ताकद आधीपासूनच होती. ती बघायला कुणीतरी गेलं, एवढाच फरक. पण या मोहिमेत दहा मुलं होती हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. पाच शिखरावर गेली, पाच नाही गेली. सत्काराच्या मांडवात पहिल्या पाचांची नावं घेतली जात असताना उरलेल्या पाचांच्या मनात काय चाललं असेल, आणि त्यांच्याशी त्यावर निवांत कोण बोललं असेल, हा प्रश्न मला शिखराइतकाच महत्त्वाचा वाटतो. निवड झाली की न निवडलेला तिथेच तयार होतो. हुशार मुलांच्या कुठल्याही योजनेत त्याच्यासाठी जागा ठेवावी लागते.

बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अभ्यास संस्थेत अनिता कुरूप यांच्या गटानं भारतीय परिस्थितीत प्रज्ञावंत मुलं ओळखायची कशी, यावर बरंच काम केलं आहे. चाचणीच्या गुणांवर विसंबू नका, रोज मुलांसोबत असणाऱ्या शिक्षकाच्या नजरेला महत्त्व द्या, असा त्यांचा रोख आहे. आपल्याकडे हे फार पटण्यासारखं आहे. डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ हे पुस्तक गडचिरोलीतल्या बायांचं झाडांशी असलेलं नातं सांगतं. त्या बायांच्या नातवंडांत एखादी पोरगी अशी असते की तिला झाडाचं नाव, त्याचा मोहोर कधी, साल कशावर चालते, कुठलं पाखरू त्यावर बसतं हे सगळं एकदा ऐकून पाठ होतं आणि ती त्यात स्वतःची वर्गवारीही करते. परिसर अभ्यासाच्या पेपरात तिला ‘मुळांचे प्रकार लिहा’ याला अर्धा गुण मिळतो.

अशी मुलं वर्गात ओळखू येतात, पण बऱ्याचदा चुकीच्या नावानं. प्रश्न विचारत राहणारा ‘आगाऊ’ ठरतो. उदाहरण सगळ्यांच्या आधी संपवून खिडकीबाहेर बघणाऱ्याचं ‘लक्ष नाही’. कमी बोलणारी ‘घुमी’. चुकीची गोष्ट चुकीची आहे असं म्हणणारा ‘दीडशहाणा’. मग एक दिवस असा येतो की पोराला उत्तर येतं आणि तो हात वर करत नाही. शिक्षकाला वाटतं, आला लायनीवर. खरं तर त्यानं हिशेब केलेला असतो: उत्तर दिलं तर सर खूश होतील, पण मधल्या सुट्टीत कबड्डीत घेणार नाहीत.

न्यूयॉर्कच्या लेटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत नेमकं हेच पाहिलं होतं. बऱ्यापैकी हुशार मुलं वर्गाची पुढारी होतात, त्यांना मित्र मिळतात. पण फारच पुढे असलेली मुलं एकटी पडतात. त्यांच्या वयाच्या मुलांना त्यांचे खेळ गुंतागुंतीचे वाटतात, आणि मोठी मुलं त्यांना ‘लहान’ म्हणून बाजूला ठेवतात. बुद्धी एका वयाची, मन दुसऱ्या वयाचं आणि अंगकाठी तिसऱ्याच वयाची अशी ही ओढाताण असते. नऊ वर्षांचा पोरगा मरणाविषयी मोठ्या माणसासारखे प्रश्न विचारतो आणि रात्री दिवा मालवला की लहान मुलासारखा रडतो. ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात तर हा प्रश्न पुस्तकातला नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसावर वाघानं झडप घातल्याची बातमी तिथल्या मुलांनी ऐकलेली असते. त्याच दिवसांत वार्षिक परीक्षा असते. वसतिगृहात पेपर लिहिणाऱ्या मुलाची आई त्या वेळी मोहाखाली वाकलेली आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं. ज्याची कल्पनाशक्ती तीव्र, त्याची भीतीही तीव्र असते. ‘अभ्यासात लक्ष दे’ हे उत्तर त्याला पुरत नाही. सकाळी एक फोन जोडून आईचा आवाज ऐकवला तर पुरतं.

आता ज्या गोष्टीवर मला जास्त थांबायचं आहे, ती. या जिल्ह्यांतल्या हुशार मुलावर एक काम येऊन पडतं, ज्याची नोंद कुठल्याही प्रगतिपुस्तकात नसते. ते म्हणजे दुभाष्याचं काम. एटापल्ली, भामरागड, धानोऱ्यात घरी माडिया किंवा गोंडी, शाळेत मराठी. सिरोंच्याकडे गेलं की तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. ज्या लेकराला दुसरी भाषा पटकन येते ते आधी वर्गाचं दुभाषी होतं. गुरुजी मराठीत सांगतात, ते मागच्या ओळीला माडियातून सांगतं. मग घराचं होतं. बँकेत अंगठा लावून पैसे का निघत नाहीत, रेशनच्या यंत्रावर नाव का दिसत नाही, वनहक्काच्या दाव्यावर तहसीलनं काय शेरा मारला, हे सगळं त्यानं वाचायचं आणि बापाला समजावायचं. बाप त्याच्याकडे बघतो. कारकूनही त्याच्याकडेच बघतो.

आणि मग दवाखाना. बारा वर्षांची पोरगी आईला घेऊन तालुक्याला जाते. डॉक्टर मराठीत दोन वाक्यं बोलतात, बाहेर पेशंटांची रांग असते. आईला काय झालंय हे त्या खोलीत डॉक्टरनंतर सगळ्यात आधी या पोरीला कळतं. ते आईला सगळं सांगायचं, थोडं सांगायचं की ‘गोळ्या घ्यायला सांगितल्यात’ एवढंच म्हणायचं, हे ती जागच्या जागी ठरवते. आई तिच्या तोंडाकडे बघत असते, म्हणून तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत येते आणि गृहपाठ झालेला नसतो.

या कामातून मूल मोठंही होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याला माणसं कळतात, शब्दाचं वजन कळतं, घरात मान मिळतो. पण त्याला हवं तेव्हा लहान होता आलं पाहिजे. यावर उपाय दोन बाजूंनी आहे. एक, मोठ्या माणसांनी भाषा शिकायची. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकले ते याचसाठी, रुग्णाचं दुखणं त्याच्याच तोंडून ऐकता यावं म्हणून. दोन, जोवर हे सगळीकडे होत नाही तोवर शिक्षकानं त्या पोरीला वर्गाबाहेर बोलावून एवढंच विचारावं, ‘काल दवाखान्यात तुला काय काय सांगावं लागलं?’ तिला उपदेश नको असतो. तिच्या डोक्यावरचं ओझं कुणाच्या तरी समोर खाली उतरवायचं असतं.

निवासी शाळेत हे सगळं आणखी दाट होतं. पहिल्या महिन्यात पोट दुखतं, डोकं दुखतं, भूक जाते. काही मुलं गावाच्या वाटेला लागतात. आश्रमशाळेतून पोरं पळून जाणं या भागात कुणाला नवं नाही. हुशार मूल सहसा पळत नाही, कारण आपण पळालो तर काय होईल याचा विचार त्यानं आधीच केलेला असतो. ते हसतमुख राहतं, आणि म्हणून जास्त काळजी त्याची करावी. नवोदयमध्ये नववीत आणखी एक स्थलांतर असतं: सुमारे ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. राष्ट्रीय एकात्मतेसाठी ही कल्पना चांगली आहे, आणि अनेकांना ते वर्ष आयुष्यभर आठवतं. पण माडियातून मराठीत, मराठीतून इंग्रजी-हिंदीत आलेल्या पोरासाठी तो चौदाव्या वर्षापर्यंतचा तिसरा उंबरठा असतो.

या शाळांविषयी एक आकडा टाळून पुढे जाता येणार नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदय विद्यालयांत ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचं ‘इंडियन एक्स्प्रेस’नं डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांतली जवळपास निम्मी मुलं दलित आणि आदिवासी होती. हा आकडा सहाशेच्या वर शाळांचा, साऱ्या देशाचा आहे. नवोदयचे निकाल, तिथल्या शिक्षकांचे कष्ट हे सगळं खरं असूनही तो तसाच उभा राहतो. निवडून आणलेली, कष्टानं पुढे आलेली ही मुलं होती. त्यानंतर शाळांत समुपदेशक नेमण्याकडे लक्ष वळलं, हे चांगलं झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की समुपदेशकाला मुलाची घरची भाषा यायला हवी, निदान ती येणारं कुणीतरी शाळेत असायला हवं. स्वयंपाकघरातली मावशी माडिया बोलणारी असेल तर कित्येकदा खरा आधार तीच असते. तिला ‘कर्मचारी’ म्हणून बाजूला ठेवू नये. मुलाच्या काळजीची बैठक होते तेव्हा तिलाही बोलवावं.

कौतुकाचंही बोलायला हवं. ‘पोट्टा लय हुशार हाये जी’ असं गावात सगळे म्हणतात, त्यात माया असते. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला ‘तू हुशार आहेस’ म्हणून शाबासकी दिली, दुसऱ्याला ‘तू मेहनत घेतलीस’ म्हणून. पुढे निवड करायला सांगितल्यावर ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांनी सोपं काम मागितलं आणि अवघड गणितात अडखळल्यावर ती लवकर खचली. कारण उघड आहे. हुशारी हीच ओळख झाली की चुकणं म्हणजे ओळखच जाणं. आता यात गावातून पहिल्यांदा दहावी झालेला, पहिल्यांदा बाहेर शिकायला गेलेला हे विशेषण जोडा. त्या पोराच्या सहामाहीच्या गुणांवर काका, मामा, गावपाटील, गोटुलात जमणारी गावची पोरं सगळ्यांचं लक्ष. तो नापास झाला तर पाठच्या दहा पोरांच्या शाळेवर पाणी पडेल असं त्याला वाटत असतं, आणि ते पूर्ण खोटंही नसतं. अशा मुलाला मुद्दाम अशी गोष्ट करायला द्यावी जी त्याला येत नाही: चित्र, पोहणं, बासरी, काहीही. चारचौघांत चुकायची आणि चुकून हसायची सवय त्याला शाळेनंच लावायची असते.

मुलींचं आणखी वेगळं. विज्ञानाच्या तासाला पाळी म्हणजे काय हे समजून घेतलेली मुलगी दिवाळीला घरी जाते, आणि गडचिरोलीतल्या पुष्कळ गावांत त्या चार दिवसांत तिला कुर्माघरात, म्हणजे पाळीतल्या बायांसाठीच्या वेगळ्या झोपडीत, राहावं लागतं. तिला पटत नाही, आणि आजीला दुखवायचंही नसतं. परत आल्यावर ‘अजून तुमच्यात हे चालतं?’ असं कुणी वर्गात म्हटलं की ती दोन्हीकडून तुटते. शिक्षिकेनं इथे बाजू घ्यायची घाई करू नये. तिच्याजवळ बसावं, तिला बोलू द्यावं. ही मुलगी उद्या गावात काही बदलेल ती गावाची लेक म्हणूनच, गावाची लाज वाटून नव्हे.

हे सगळं जमलेलं ठिकाण गडचिरोली जिल्ह्यातच आहे. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ मध्ये तिथे शाळा सुरू झाली. तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती. त्या शाळेत शिकलेले डॉ. कन्ना मडावी माडिया समाजातले पहिले डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ. लालसू नोगोटी माडिया समाजातले पहिले वकील. २०१७ मध्ये ते गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून गेले. दोघंही आपल्या माणसांत परत आले. असं का झालं याची कारणं अनेक असतील, मला त्यांतलं एक फार मोलाचं वाटतं. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांची स्वतःची मुलं त्याच वर्गात, माडिया मुलांच्या शेजारी बसून शिकली. हुशार माणसं शिकून शहरात जातात, एवढंच चित्र इतरत्र मुलांपुढे असतं. इथे शिकलेली माणसं रोज समोर राहत होती, माडिया बोलत होती, आणि अभ्यास करणं म्हणजे घरापासून लांब जाणं हा अर्थच मुलांच्या डोक्यात पक्का झाला नाही.

पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती बुद्धिमान मुलांसाठीच, पण बुद्धीला समाजाच्या कामाशी बांधायचं हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. गडचिरोलीत त्याची गावठी, अस्सल आवृत्ती मेंढा-लेखाला सापडते. देवाजी तोफा यांच्या या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, हे प्रसिद्ध आहे. त्यामागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यासगट होते. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावातली माणसं एखादा विषय घेऊन बसायची, कायदा वाचायची, प्रश्न विचारायची. शाळेत ‘आगाऊ’ ठरणारा पोरगा असल्या बैठकीत कामाचा माणूस असतो. मेंढा-लेखाच्याच धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली. शिक्षण विभागानं तिला अनधिकृत ठरवलं आणि गाव उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. घरच्या भाषेत शिकवा, असं २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं. विशेष प्रतिभेच्या मुलांना आधार द्या, असंही तेच धोरण म्हणतं. त्यातली पहिली गोष्ट मोहगावच्या गावकऱ्यांनी धोरणाच्या आधीच सुरू केली होती.

‘पोट्टा शिकून मोठा झाला का आपला राहीन का जी?’ असं पालक गुरुजींना विचारतात. याला तोंडी उत्तर देऊन भागत नाही, म्हणून एक करता येण्यासारखी गोष्ट सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रं आहेत आणि केंद्रातल्या शिक्षकांची ठरावीक काळानं शिक्षण परिषद भरते. त्याच दिवशी प्रत्येक शाळेतून एक-दोन अशी मुलं सोबत आणावीत, ज्यांना आपल्या वर्गात जोडीदार नाही. ती पहिल्या नंबरचीच असावीत असं नाही. प्रश्न विचारणारी, झाडं ओळखणारी, दुभाषी झालेली, घुमी अशी सगळी आणावीत. शिक्षकांची बैठक आत चालू दे, मुलं झाडाखाली बसू देत. त्यांना स्पर्धा देऊ नये, प्रमाणपत्र देऊ नये. एक अवघड कोडं द्यावं, एक हिंडायची जागा द्यावी, आणि माडिया, गोंडी, मराठी, तेलुगू ज्याला जी येते ती बोलू द्यावी. सुट्टीत घरी आलेला नवोदयचा किंवा कॉलेजचा दादा-ताई तिथे असेल तर आणखी बरं. तो तिथे आला म्हणजे गावाशी त्याचीही गाठ राहते. खर्च म्हणाल तर मुलांच्या जाण्यायेण्याचा आणि एका वेळच्या खिचडीचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, तेव्हा तिथली बैठक दिवाळीनंतर सुरू करावी.